मिरासोल: चार महिन्यांच्या हंगामापासून कोपा लिबर्तादोरेसपर्यंत

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याच्या वायव्य भागात, राज्याच्या राजधानीपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर मिरासोल हे शहर आहे. 2022 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 63 हजारांच्या आसपास भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. फर्निचरचे कारखाने आणि आसपासची ऊस-संत्र्याची शेती यांवर गावाचे पोट चालते. या गावाचा मिरासोल फुटबॉल क्लब 2025 मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च साखळीत, सेरी ए मध्ये, आयुष्यात पहिल्यांदा खेळला आणि 20 संघांत चौथा आला. 38 सामन्यांत 18 विजय, 13 बरोबरी आणि 7 पराभव अशी त्याची 67 गुणांची कमाई होती. फ्लामेंगो, पाल्मेरास आणि क्रुझेरो हे तीनच क्लब त्याच्या पुढे राहिले. फ्लुमिनेन्से, बोताफोगो, साओ पाउलो, कोरिंथियन्स, सांतोस हे सगळे मागे पडले. चौथ्या क्रमांकामुळे 2026 च्या कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटसाखळीत थेट प्रवेशही मिळाला.

या यशाचे वर्णन बहुतेक ठिकाणी परीकथा म्हणून झाले. ते वर्णन वाचायला गोड असले तरी त्यातून काहीच कळत नाही. ब्राझीलमध्ये लहान गावांचे शेकडो व्यावसायिक क्लब आहेत आणि त्यांतले बहुसंख्य वर्षातले आठ महिने कुलूपबंद असतात. मिरासोलही कित्येक वर्षे त्यांच्यातलाच एक होता. त्या रांगेतून तो बाहेर कसा पडला, त्यात निर्णयांचा वाटा किती, भूगोलाचा किती आणि नशिबाचा किती, हे तपासणे हा या प्रकरण अभ्यासाचा उद्देश आहे.

मूळ अडचण: वर्षाचे वेळापत्रक

ब्राझीलमधील लहान क्लबचे दुखणे समजून घ्यायचे तर आधी तिथले वेळापत्रक समजून घ्यावे लागते. 2025 पर्यंत जानेवारीपासून साधारण एप्रिलपर्यंत प्रत्येक राज्याची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा चाले आणि त्यानंतर राष्ट्रीय साखळी सुरू होई. राष्ट्रीय साखळीच्या ए, बी आणि सी या श्रेणींत प्रत्येकी 20 आणि डी श्रेणीत 64, असे एकूण 124 क्लब खेळत. ज्या क्लबला या 124 मध्ये जागा नसे, त्याचा खरा हंगाम राज्य स्पर्धेबरोबर संपे. फार तर वर्षाच्या उत्तरार्धात राज्य महासंघाचा एखादा चषक असतो, पण त्यातून पगार निघण्याइतके उत्पन्न होत नाही.

याचा परिणाम खेळाडूंच्या करारांवर होतो. ज्या क्लबला एप्रिलनंतर सामनेच नाहीत, तो वर्षभराचा पगार कशातून देणार? म्हणून करार चार महिन्यांचे होतात. जानेवारीत वीस-पंचवीस खेळाडू गोळा करायचे, एप्रिलमध्ये त्यांना निरोप द्यायचा आणि पुढच्या जानेवारीत नव्याने मांडणी करायची, हा लहान क्लबांचा शिरस्ता झाला. त्यात संघ म्हणून काही मुरत नाही, तरुण खेळाडू घडत नाहीत आणि घडलाच एखादा, तर करार संपताच तो फुकट निघून जातो. 1998 च्या पेले कायद्याने करार संपल्यानंतरही खेळाडूवर क्लबचा ताबा ठेवणारी जुनी पद्धत मोडीत काढली आणि 2001 पासून ती प्रत्यक्षात संपली. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्याय होता, परंतु चार महिन्यांचे करार करणाऱ्या गावकुसाच्या क्लबांकडे त्यानंतर विकण्यासारखे काहीच उरले नाही.

9 नोव्हेंबर 1925 रोजी स्थापन झालेल्या मिरासोलने आपल्या आयुष्याचा मोठा भाग राज्याच्या खालच्या श्रेणींत काढला. साओ पाउलो राज्याच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे पाउलिस्ताओमध्ये, तो 2008 साली पहिल्यांदा खेळला. 2013 मध्ये तिथून घसरला आणि 2017 मध्ये परतला. मधल्या काळात राष्ट्रीय साखळीच्या डी श्रेणीत त्याची अधूनमधून हजेरी लागत असे, पण दरवर्षी तिथे जागा मिळेलच याची हमी नव्हती. तोवर त्याची गोष्ट आसपासच्या दहा गावांच्या गोष्टीहून वेगळी नव्हती.

एक विक्री आणि तिच्या पैशाचे काय झाले

वेगळेपण 2017 मध्ये सुरू झाले. लुईझ अराउजो हा आक्रमक खेळाडू मिरासोलच्या युवा संघात घडला होता आणि लहान वयातच साओ पाउलो क्लबकडे गेला होता. त्याला सोडताना मिरासोलने त्याच्या भावी विक्रीतला काही टक्के वाटा स्वतःकडे राखून ठेवला होता. गुंतवणूकदार किंवा दलाल यांसारख्या त्रयस्थांनी खेळाडूच्या हक्कांत वाटा ठेवण्यावर फिफाने 2015 मध्ये बंदी घातली, पण खेळाडूला घडवणाऱ्या क्लबने पुढच्या विक्रीत हिस्सा ठेवणे नियमात बसते. 2017 मध्ये साओ पाउलोने अराउजोला फ्रान्सच्या लील क्लबला सुमारे 1 कोटी युरोंना विकले आणि त्यातला हिस्सा मिरासोलच्या हाती आला.

अशा वेळी काय घडते, याचा ब्राझीलमधला अनुभव फारसा चांगला नाही. पैसा आला की दोन-तीन नावाजलेले, वय झालेले खेळाडू आणले जातात, एक हंगाम धामधुमीत जातो आणि तिजोरी पुन्हा रिकामी होते. मिरासोलच्या व्यवस्थापनाने, म्हणजे अध्यक्ष एडसन एर्मेनेजिल्डो आणि उपाध्यक्ष जुनिन्यो अंतुनेस यांच्या कारभारात, ही रक्कम पगारात न घालता स्वतःचे प्रशिक्षण केंद्र उभे करण्यासाठी वापरली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हाच आहे. पुढे मिळालेली प्रत्येक बढती या निर्णयाच्या खांद्यावर उभी आहे.

प्रशिक्षण केंद्राला इतके महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारेल. मायाओ या नावाने ओळखले जाणारे मिरासोलचे स्टेडियम नगरपालिकेचे आहे. ज्या क्लबला स्वतःचे सरावाचे मैदान नसते, तो एकतर सामन्याच्या मैदानावरच रोज सराव करून हिरवळीची वाट लावतो, नाहीतर भाड्याच्या मैदानांवर फिरत राहतो. मुलांचे संघ तर शेवटी जिथे जागा मिळेल तिथे खेळतात. स्वतःची मैदाने, व्यायामशाळा, उपचारकक्ष आणि निवासाची सोय झाली की दोन गोष्टी बदलतात. मुलांना वर्षभर ठेवता येते, आणि मोठ्या क्लबमधून बाजूला सारल्या गेलेल्या खेळाडूला लहान गावात येताना आपण खालच्या दर्जाच्या व्यवस्थेत चाललो आहोत असे वाटत नाही. ही दुसरी गोष्ट मिरासोलला पुढे फार उपयोगी पडली.

2020 ची कसोटी

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे पाउलिस्ताओ थांबली, तेव्हा गटसाखळीच्या 12 पैकी 10 फेऱ्या झाल्या होत्या. स्पर्धा पुन्हा सुरू व्हायला 22 जुलै उजाडला. मधल्या काळात राज्य स्पर्धेपुरते केलेले करार संपले आणि मिरासोलचे 18 खेळाडू निघून गेले. चार महिन्यांच्या करारपद्धतीचा दोष इतक्या उघडपणे क्वचितच दिसला असेल. स्पर्धा अर्धवट होती, क्लब पात्रतेच्या उंबरठ्यावर होता आणि संघच शिल्लक नव्हता. राहिलेले मोजके खेळाडू, युवा संघातली मुले आणि घाईघाईने आणलेले काही जण अशी मोट बांधून क्लब मैदानात उतरला.

29 जुलै रोजी मोरुंबी स्टेडियममध्ये, प्रेक्षकांविना, साओ पाउलो क्लबविरुद्ध एकाच सामन्याची उपांत्यपूर्व फेरी होती. समोर प्रशिक्षक फर्नांडो दिनीझ यांचा संघ आणि त्यात दानी आल्वेससारखा खेळाडू. मिरासोलने तो सामना 3-2 असा जिंकला. झे रोबेर्तो या आघाडीपटूने त्यात दोन गोल केले. उपांत्य फेरीत कोरिंथियन्सकडून 0-1 अशी हार झाली आणि ती मोहीम तिथेच थांबली.

या विजयाचे कौतुक करताना एक गोष्ट निसटते. असा एखादा सामना कुठलाही लहान क्लब जिंकू शकतो आणि ब्राझीलमध्ये दर काही वर्षांनी कोणीतरी जिंकतोच. त्या विजयापेक्षा त्याच हंगामातली दुसरी स्पर्धा मिरासोलसाठी जास्त मोलाची ठरली. 2020 ची डी श्रेणी महामारीमुळे लांबून फेब्रुवारी 2021 मध्ये संपली आणि अंतिम फेरीत सेआरा राज्यातल्या फ्लोरेस्ता क्लबला हरवून मिरासोल विजेता झाला. डी श्रेणीत टिकण्याची हमी नसते, सी श्रेणीत मात्र घसरण झाली नाही तर पुढच्या वर्षीची जागा निश्चित असते. बारा महिन्यांचे करार करण्याला पहिल्यांदाच आर्थिक अर्थ आला.

चढण

त्यानंतरचा प्रवास वेगाने सांगता येतो. 2022 मध्ये नाताल शहराच्या एबीसी क्लबला अंतिम फेरीत हरवून मिरासोलने सी श्रेणी जिंकली. 2023 मध्ये बी श्रेणीत तो सहावा आला. वर जाणाऱ्या चौथ्या संघाचे 64 गुण होते आणि मिरासोलचे 63. पुढच्या वर्षी मोझार्ट सांतोस यांच्या प्रशिक्षणाखाली 67 गुणांसह दुसरा क्रमांक मिळाला. विजेत्या सांतोसपेक्षा केवळ एक गुण कमी! 24 नोव्हेंबर 2024 रोजी मायाओवर शापेकोएन्सेला 1-0 असे हरवून बढती पक्की झाली. बाद फेऱ्यांऐवजी गुणांवर विजेता ठरवणारी सलग साखळी पद्धत सुरू झाल्यापासून सेरी ए मध्ये पोहोचलेले हे सर्वांत लहान शहर ठरले.

बढतीनंतर मोझार्ट दुसऱ्या क्लबकडे गेले. 2025 च्या राज्य स्पर्धेसाठी आणलेले एदुआर्दो बारोका टिकले नाहीत आणि साखळी सुरू होण्याच्या तोंडावर राफाएल ग्वानाएस यांच्याकडे संघ आला. पहिला सामना क्रुझेरोच्या मैदानावर 1-2 असा गेला. पहिला विजय 16 एप्रिल रोजी मिळाला, तो ग्रेमियोवर 4-1 असा. त्या निकालानंतर ग्रेमियोने आपल्या प्रशिक्षकाला निरोप दिला. तिथून पुढे मिरासोलला त्याच्या मैदानावर हरवणे कोणालाही जमले नाही. हंगामातले 19 च्या 19 यजमान सामने तो अपराजित राहिला. क्लबला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, 9 नोव्हेंबर 2025 रोजी, पाल्मेरासला 2-1 असे हरवले. शेवटच्या फेरीत फ्लामेंगोबरोबर 3-3 अशी बरोबरी झाली. अर्थात विजेतेपद आधीच खिशात असलेल्या फ्लामेंगोने त्या दिवशी आपला मुख्य संघ उतरवला नव्हता, हे नमूद करायला हवे.

त्याच वर्षी मिरासोलबरोबर वर आलेल्या स्पोर्ट आणि सेआरा या दोन क्लबांची पुन्हा घसरण झाली. दोघेही मोठ्या राजधानीच्या शहरांतले, मोठ्या पाठीराख्यांचे आणि जुन्या परंपरेचे क्लब आहेत. लोकसंख्या आणि गर्दी हीच ताकद असती, तर निकाल उलटा लागायला हवा होता.

माणसे कोणती निवडली

मिरासोलच्या संघनिवडीत एक सूत्र दिसते: बाजाराने ज्यांची किंमत कमी लावली आहे, पण ज्यांचा खेळ अजून संपलेला नाही, असे खेळाडू.

गोलरक्षक आलेक्स मुराल्या हे त्याचे ठळक उदाहरण. 2017 मध्ये फ्लामेंगोकडून खेळताना ब्राझील चषकाच्या अंतिम सामन्यात क्रुझेरोविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने प्रत्येक वेळी एकाच बाजूला झेप घेतली, पाचही पेनल्टी आत गेल्या आणि फ्लामेंगो हरला. त्या रात्रीनंतर त्याच्या नावाचे इतके हसे झाले की मोठ्या क्लबमधले त्याचे दिवस भरले. 2024 च्या बढतीच्या हंगामात मिरासोलच्या गोलपुढे तोच उभा होता. पुढच्या वर्षी ती जागा वॉल्टरकडे गेली, ज्याने कोरिंथियन्समध्ये कास्सियोचा राखीव गोलरक्षक म्हणून अनेक वर्षे बाकावर काढली होती.

डावा बचावपटू रेनाल्डो 2025 च्या सुरुवातीला 35 वर्षांचा होता आणि ग्रेमियोने त्याचा करार वाढवला नव्हता. मिरासोलमध्ये पेनल्टी, फ्री किक आणि कॉर्नर यांची जबाबदारी त्याच्या डाव्या पायावर आली आणि बचावपटू असूनही संघाच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचे नाव लागले. असा खेळाडू पुढे विकून नफा मिळणार नाही, हे व्यवस्थापनाला ठाऊक होतेच. तरुणांना विकून मिळणारे उत्पन्न एका खिशात आणि अनुभवी खेळाडूंकडून मिळणारी स्थिरता दुसऱ्या खिशात, अशी ही विभागणी आहे. मुख्य म्हणजे ती प्रशिक्षक बदलला तरी बदलली नाही. दोन वर्षांत तीन प्रशिक्षक होऊनही संघाचा चेहरामोहरा टिकला, याचे कारण खेळाडू कोण आणायचे हे प्रशिक्षक ठरवत नव्हता, क्लब ठरवत होता. ब्राझीलमध्ये नवा प्रशिक्षक आपली यादी घेऊन येतो आणि जाताना कर्ज ठेवून जातो. मिरासोलने ही सवय स्वतःला लावून घेतली नाही.

2021 च्या कायद्याने ब्राझीलमधल्या क्लबांना कंपनीत रूपांतरित होण्याची वाट मोकळी करून दिली आणि अनेक कर्जबाजारी क्लबांनी ती धरली. मिरासोल मात्र हे सर्व सदस्यांच्या संस्थेच्या जुन्याच स्वरूपात राहून करत होता. यावरून जुने स्वरूप श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ज्याच्या डोक्यावर मोठे कर्ज नाही, त्याला खरेदीदाराची गरजही नसते, एवढेच यातून दिसते.

जे मिरासोलच्या हातात नव्हते

आतापर्यंतच्या वर्णनावरून असे वाटू शकते की शहाणपणाने कारभार केला की झाले. पण याच क्लबने हेच निर्णय ईशान्य किंवा उत्तर ब्राझीलमधल्या 63 हजार वस्तीच्या गावात घेतले असते, तर तो इथवर पोहोचला असता असे मला वाटत नाही. पाउलिस्ताओ ही राज्य स्पर्धांमधली सर्वांत श्रीमंत स्पर्धा आहे. तिच्या पहिल्या श्रेणीत असणाऱ्या 16 क्लबांना प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून मिळणारा हिस्सा आणि दरवर्षी मोठ्या क्लबांविरुद्ध खेळण्याची, खेळाडू दाखवण्याची संधी हे भांडवल इतर राज्यांतल्या लहान क्लबांना मिळत नाही. शिवाय साओ पाउलोच्या अंतर्भागात चांगले रस्ते आहेत, साखर आणि संत्र्याच्या उद्योगामुळे पैसा आहे, आणि साओ जोसे दो रिओ प्रेतो हे सुमारे पावणेपाच लाख वस्तीचे शहर पंधरा-एक किलोमीटरवर आहे. विमानतळ, रुग्णालये, हॉटेले या सगळ्यासाठी मिरासोल त्या शहरावर विसंबतो. त्यामुळे ‘लहान गाव’ या शब्दांतला लहानपणा थोडा कमी करूनच वाचावा लागतो.

पण केवळ भूगोलानेही भागत नाही, याचा पुरावा त्याच शेजारच्या शहरात आहे. रिओ प्रेतोच्या अमेरिका क्लबने अनेक वर्षे राज्याच्या पहिल्या श्रेणीत काढली. 1996 मध्ये त्याचे तैशैराओ हे भव्य स्टेडियम सुरू झाले, ज्यात मिरासोलच्या स्टेडियमच्या दुपटीहून अधिक प्रेक्षक मावतात. नंतरच्या काळात हा क्लब कर्जात बुडाला आणि राज्याच्या खालच्या श्रेणींत घसरत गेला. मोठे शहर, मोठे मैदान, मोठा इतिहास असे सगळे शेजाऱ्याकडे होते. दोघांनीही बांधकामच केले होते, परंतु एकाने बघणाऱ्यांसाठी केले आणि दुसऱ्याने खेळणाऱ्यांसाठी.

नशिबाचा वाटा मोजायचा असेल तर नोवोरिझोंतिनोकडे पाहावे. नोवो होरिझोंते हे मिरासोलहूनही लहान गाव याच भागात आहे. त्याचा क्लबही नीटनेटका चालवलेला, खेळाडू घडवणारा आणि खालच्या श्रेणींतून वर चढत आलेला आहे. 2023 मध्ये तो मिरासोलइतक्याच 63 गुणांवर अडकला. 2024 मध्ये चौथ्या आलेल्या सेआराएवढेच 64 गुण त्याच्याकडे होते, पण विजयांची संख्या कमी पडल्याने तो पाचवा राहिला. मिरासोल शापेकोएन्सेला हरवत होता त्याच रविवारी नोवोरिझोंतिनो गोयासकडून 0-1 असा हरला. 2025 मध्येही बढती दोन गुणांनी हुकली. या दोन क्लबांच्या कारभारात असा काही फरक नाही की ज्यामुळे एक लिबर्तादोरेसमध्ये आणि दुसरा बी श्रेणीत असावा. योग्य निर्णयांनी दोघेही दारापर्यंत पोहोचले. दार उघडले ते एकासाठीच.

पुढची मर्यादा

मायाओमध्ये सुमारे 15 हजार प्रेक्षक मावतात, म्हणजे गावातला जवळजवळ दर चौथा माणूस. सेरी ए साठी लागणारी किमान क्षमता 12 हजार असल्याने तिथे अडचण आली नाही, परंतु तिकीटविक्रीतून मिळणारे उत्पन्न इथे फारसे वाढणार नाही. त्यामुळे प्रक्षेपणाचा पैसा आणि खेळाडूंची विक्री हेच दोन आधार राहतात आणि पहिला आधार सेरी ए मध्ये असेपर्यंतच आहे. लिबर्तादोरेसचे सामने, त्यासाठीचा खंडभराचा प्रवास आणि देशांतर्गत साखळी हे सारे एकाच वेळी ओढण्यासाठी जाड संघ लागतो, आणि जाड संघ म्हणजे जास्त पगार. मिरासोलने आजवर जे टाळले, तेच आता त्याच्या गळ्यात पडण्याचा धोका आहे.

जे क्लब आज तिथे आहेत जिथे मिरासोल 2016 मध्ये होता, त्यांच्यासाठी परिस्थिती दरम्यान बदलली आहे. ब्राझीलच्या महासंघाने 2026 पासून राज्य स्पर्धा जास्तीत जास्त 11 सामना-दिवसांत बसवली आणि सेरी ए ची सुरुवात जानेवारीच्या अखेरीस आणली. त्याच वेळी डी श्रेणीतील क्लबांची संख्या 64 वरून 96 केली. ज्यांना या वाढीव 32 जागांपैकी एक मिळाली त्यांच्यासाठी वर्ष लांबले. ज्यांना मिळाली नाही त्यांचे चार महिने आणखी आखूड झाले.